ब्राउझरने अंगावर घेतलेली कामं

वेबसाइटवर एक बटण दाबलं की पानाच्या मधोमध चौकट उघडते. ‘खातं कायमचं बंद करायचं?’ एवढाच प्रश्न, खाली ‘हो’ आणि ‘नको’. मागचं पान अंधुक झालेलं. वापरणारा क्षणात उत्तर देऊन पुढे जातो. ही साधी चौकट धड बांधायला मात्र फ्रंट-एंड डेव्हलपरना वर्षानुवर्षं घाम गाळावा लागला.

काय काय करावं लागायचं ते पाहा. चौकट उघडली की कीबोर्डचा फोकस आत न्यायचा. टॅबची कळ दाबत गेलं तर तो मागच्या पानात निसटू द्यायचा नाही. एस्केप दाबलं की चौकट बंद व्हायला हवी, आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून निघाला होता तिथेच परत यायला हवा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला मागचं पान वाचून दाखवलं जाऊ नये, नाहीतर आपण नक्की कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. आणि चौकट बाकी सगळ्यांच्या वर दिसली पाहिजे. या शेवटच्या मुद्द्यावर तर रणच माजायचं. कोण कोणाच्या वर हे ‘झेड-इंडेक्स’ नावाच्या आकड्यावरून ठरतं. मेनू बांधणारा १०० लिहिणार, चौकट बांधणारा ९९९९, आणि बाहेरून आणलेल्या चॅटच्या गोलाने थेट २१४७४८३६४७ लिहून ठेवलेलं असणार, म्हणजे धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक. त्याच्या वर जायला जागाच नाही.

एवढ्या सगळ्यासाठी कुठलीतरी लायब्ररी आणायची, ती पानाबरोबर प्रत्येकाच्या फोनवर पाठवायची, आणि तरीही यातली दोनतीन कामं राहून जायची. फोकसचं काम तर हमखास. माउस वापरणाऱ्याला ते दिसत नाही, त्यामुळे तपासणीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

यासाठीचा ‘डायलॉग’ हा टॅग क्रोममध्ये २०१४ सालीच आला होता. फायरफॉक्स आणि सफारीमध्ये तो आला मार्च २०२२मध्ये. मधली आठ वर्षं तो असून नसल्यासारखा होता, कारण एकाच ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टीवर कोणी दुकान थाटत नाही. आज तो टॅग लिहून ‘शो-मोडल’ म्हटलं की वरची जवळपास सगळी कामं ब्राउझर स्वतः करतो. चौकट ‘टॉप लेयर’ नावाच्या वेगळ्या थरात जाते. तो थर पानातल्या कुठल्याही झेड-इंडेक्सच्या वर असतो, त्यामुळे २१४७४८३६४७चाही इलाज चालत नाही. मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप चालतं, फोकस जागेवर परत येतो. २०२५च्या एप्रिलपासून क्रोममध्ये चौकट उघडण्याचं कामही बटणावरच्या दोन गुणधर्मांनी होतं, जावास्क्रिप्टची एक ओळसुद्धा न लिहिता.

गेल्या चारपाच वर्षांत ब्राउझरमध्ये आलेल्या नव्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. तिच्यातलं डोळ्यांत भरणारं बरंच काही मला दुय्यम वाटतं. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना चित्र सरकत जाऊन आपल्या जागी बसतं, पान खाली सरकवलं की अक्षरं उमलतात, हे सगळं छान दिसतं आणि योग्य जागी उपयोगीही पडतं. पण ज्या फीचरमुळे डेव्हलपरला आपला आधीचा कोड काढून टाकता येतो, त्याचं मोल वेगळंच आहे. त्याचा फायदा डेव्हलपरपेक्षा वापरणाऱ्याला जास्त होतो. जावास्क्रिप्टची फाइल आधी उतरवावी लागते, मग ब्राउझरला ती वाचून समजून घ्यावी लागते, मग चालवावी लागते. डेव्हलपरच्या टेबलावरच्या महागड्या लॅपटॉपला हे जाणवतही नाही. सात-आठ हजारांच्या अँड्रॉइड फोनवर, एसटी स्टँडवरच्या अडखळत्या नेटवर्कवर, त्याच पानावरचं बटण दाबून माणूस वाट बघत राहतो आणि पुन्हा दाबतो. ब्राउझरच्या पोटात असलेला कोड मात्र त्या फोनवर आधीच येऊन बसलेला असतो.

‘पॉपओव्हर’चंही असंच. छोटे मेनू, माहितीचे फुगे, सूचनांच्या पट्ट्या यांच्यासाठी आता एक गुणधर्म लिहिला की पुरतं. बाहेर कुठेही बोट लावलं की मेनू आपोआप मिटतो. दुसरा मेनू उघडला की पहिला बंद होतो. हे क्रोममध्ये मे २०२३मध्ये आलं, सफारीत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४मध्ये. म्हणजे एप्रिल २०२४पासून सगळीकडे चाललं असं म्हणायला हवं होतं. पण आयफोनवर बाहेर बोट लावलं तरी मेनू मिटत नव्हता. तो बग दूर होऊन पॉपओव्हर खऱ्या अर्थाने सगळीकडे वापरण्याजोगं व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. फीचर ‘आलं’ आणि फीचर ‘चालतं’ यांत हे एवढं अंतर असतं. मेनू नेमका बटणालाच चिकटून उघडावा, खाली जागा नसेल तर वरच्या बाजूला उघडावा, यासाठीचं ‘अँकर पोझिशनिंग’ क्रोममध्ये मे २०२४मध्ये आणि सफारीत सप्टेंबर २०२५मध्ये आलं. फायरफॉक्समध्ये यायला त्याहून उशीर लागला. यासाठीही आजवर स्वतंत्र लायब्ररी लागत होती, आणि ती पान सरकवताना दर वेळी बटणाची जागा मोजत बसायची.

आता पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेकडे वळू. हाकोन विअम ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत असताना १९९४ साली सीएसएसचा प्रस्ताव मांडला. तेव्हापासून तिची नजर खाली उतरणारी होती. यादीतला परिच्छेद, परिच्छेदातली लिंक, असं बाहेरून आत जाता यायचं. उलटं नाही. ज्या कार्डात फोटो आहे ते कार्ड दोन रकान्यांचं करा आणि ज्यात नाही ते एका रकान्याचं ठेवा, हे सीएसएसला सांगता येत नव्हतं. फॉर्ममधल्या ज्या ओळीत मोबाइल नंबर चुकला आहे ती अख्खी ओळ लाल करा, हेही नाही. त्यासाठी जावास्क्रिप्टने आत डोकावून बाहेरच्या घटकाला एक क्लास चिकटवायचा, आणि परिस्थिती बदलली की तो आठवणीने काढायचा. हे काढणं विसरलं जायचं. नंबर दुरुस्त केला तरी ओळ लालच, असे फॉर्म आपण सगळ्यांनी भरले आहेत.

ही मागणी वीस वर्षांहून जुनी होती. अडचण बुद्धीची नव्हती, वेगाची होती. पानात काही बदललं की कोणकोणत्या घटकांचं रूप पुन्हा तपासायचं हे ब्राउझरला क्षणार्धात ठरवावं लागतं. नजर फक्त खाली जात असेल, तर बदललेल्या जागेच्या आतलं आणि लगत पुढचं पाहिलं की भागतं. पण आतल्या बारीकशा बदलाने बाहेरच्या घटकाचं रूप बदलू शकत असेल, तर एका अक्षरामुळे अख्खं पान तपासायची वेळ येऊ शकते. या धास्तीने ब्राउझरवाले हात आखडून होते. शेवटी सफारीने मार्च २०२२मध्ये ‘हॅज’ हा सिलेक्टर आणला, क्रोमने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि फायरफॉक्सने डिसेंबर २०२३मध्ये.

क्रोममधलं हे काम केलं इगालियाने. इगालिया ही स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात उभी राहिलेली, तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, आणि ब्राउझरच्या पोटातलं काम ही तिची खासियत. ‘हॅज’साठी पैसा पुरवला तो जाहिराती अडवणारं ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ बनवणाऱ्या जर्मन कंपनीने. जाहिरात ज्या चौकटीत आहे ती चौकटच लपवणं हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे त्यांची गरज सरळ होती. त्याआधी सीएसएस ग्रिडच्या कामातही इगालिया होती, आणि तेव्हा ब्लूमबर्गने पैसा घातला होता. वेब गूगल आणि अ‍ॅपल ठरवतात तशीच चालते, असं सरसकट मानलं जातं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण जिची गरज अडली आहे अशी एखादी मध्यम कंपनी आणि एक सहकारी संस्था मिळून जगातल्या सगळ्या वेबसाइटना उपयोगी पडेल असं काम करून घेऊ शकतात, हेही तितकंच खरं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

‘कंटेनर क्वेरी’ची गोष्ट याच्याच शेजारची. ईथन मार्कोट यांनी २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली आणि पान फोनच्या, टॅबच्या, संगणकाच्या रुंदीप्रमाणे बदलू लागलं. पण ती पद्धत विचारते एकच प्रश्न: स्क्रीन किती रुंद आहे? बातम्यांच्या साइटवर एकच बातमीचं कार्ड मुख्य रकान्यात ऐसपैस बसतं आणि बाजूच्या पट्टीत अंग चोरून. स्क्रीन दोन्हीकडे तीच. कार्डाला आपल्या वाट्याला किती जागा आली आहे हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येक जागेसाठी कार्डाचे वेगळे अवतार लिहावे लागायचे.

इथेही वरवर सोपं वाटणारं काम आतून गुंतागुंतीचं होतं. कार्डाच्या रुंदीवरून आतल्या अक्षरांचा आकार ठरवायचा, आणि अक्षरांच्या आकारावरून कार्डाची रुंदी ठरते. अक्षर मोठं केलं की कार्ड रुंदावतं, रुंदावलं की नियम बदलतो, अक्षर लहान होतं, कार्ड आक्रसतं, पुन्हा नियम बदलतो. हा फेरा कधी संपायचाच नाही. मिरियम सुझान यांनी, डेव्हिड बॅरन यांच्या आधीच्या विचाराचा आधार घेऊन, यातून वाट काढली. डेव्हलपरने आधी सांगायचं की या डब्याची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरणार नाही, बाहेरून मिळेल तीच घेतली जाईल. एवढं कबूल केलं की फेरा तुटतो, आणि मग आतल्या घटकांना डब्याची रुंदी बेलाशक विचारता येते. क्रोममध्ये हे ऑगस्ट २०२२मध्ये आलं, सफारीत पुढच्याच महिन्यात, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३मध्ये. फीचर सुरू केलं आणि डबा अचानक शून्य रुंदीचा होऊन बसला अशी तक्रार नव्या मुलांकडून येते, तिचं मूळ या कबुलीत असतं. मजकुराने रुंदी द्यायची नाही असं आपणच सांगितलेलं असतं, आणि बाहेरून ती दिलेली नसते.

मराठीत काम करणाऱ्यांनी ज्याकडे खास लक्ष द्यावं असं एक फीचर याहून कमी गाजलेलं आहे. जावास्क्रिप्टला ‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं ८. क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य, असे तुकडे ती मोजते. आपल्या डोळ्यांना दिसतात तीनच अक्षरं: क्ष, त्रि, य. हा फरक रोज नडतो. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर तोडून पुढे तीन टिंबं द्यायची असा कोड इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो. ‘मुख्यमंत्री’ हा शब्द त्याच्या तावडीत सापडला की कधी ‘मुख्…’ उरतं, कधी ‘मुख्यमंत्…’. खातेदाराच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायचं असेल तर क्षितिजाच्या नावापुढे ‘क’ येतो आणि श्रद्धाच्या नावापुढे ‘श’. प्रियाचा ‘प’ होतो. नाव त्यांचं असतं, अक्षर नाही.

यावर ‘इंटल सेगमेंटर’ हे साधन आता ब्राउझरमध्येच आहे. क्रोमने ते २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आणलं, सफारीने २०२१मध्ये, आणि फायरफॉक्सने एप्रिल २०२४मध्ये आणल्यावर ते सगळीकडे झालं. मजकूर त्याच्याकडे सोपवला की ते वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरं वेगळी करून देतं. आपल्या जोडाक्षरांचा प्रश्न त्यातही उरला होता, कारण युनिकोडच्या प्रमाण नियमानुसार हलन्तापाशी तुकडा पडायचा आणि ‘क्षत्रिय’ची अक्षरं पाच भरायची. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध ठेवण्याचा नियम प्रमाणात घातला. तो नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये ‘क्षत्रिय’ तीन अक्षरांचा आहे आणि ‘मुख्यमंत्री’ चार अक्षरांचा. मथळा तोडणारा जुना कोड शोधून तो या साधनाने बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

याच घराण्यातली आणखी साधनं आहेत. मराठीसाठी आकडा मांडायला सांगितला तर १२३४५६७८चे १,२३,४५,६७८ होतात, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह आणि देवनागरी अंकांत. तारीख भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार, म्हणजे शकातही मागता येते. ती १९५७ साली सरकारने स्वीकारलेली सौर दिनदर्शिका आहे, त्यामुळे पंचांगातली तिथी तिच्यातून मिळणार नाही. एवढं मात्र कोणतीही लायब्ररी न आणता होतं. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी शून्यावा महिना आहे आणि डिसेंबर अकरावा. १९९५मध्ये घाईघाईत जावाकडून उचललेल्या या तारीख-व्यवस्थेची जागा घ्यायला ‘टेम्पोरल’ आलं आहे. फायरफॉक्सने ते मे २०२५मध्ये सर्वांत आधी दिलं. तिथे जानेवारी पहिलाच आहे.

मथळ्यांसाठी सीएसएसमध्ये ‘टेक्स्ट-रॅप बॅलन्स’ आहे. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’सारखे लांबरुंद शब्द असले की मराठी मथळ्याची पहिली ओळ भरून जाते आणि दुसऱ्या ओळीवर ‘आहे’ एकटं पडतं. हा एक गुणधर्म लिहिला की ओळी साधारण सारख्या होतात. क्रोम हा हिशोब सहा ओळींपर्यंतच करतो, कारण तो महाग पडतो. म्हणून परिच्छेदांना तो लावण्यात अर्थ नाही.

हे सगळं वापरायचं कधीपासून, हा प्रश्न डेव्हलपरला कायम पडतो. इंटरनेट एक्सप्लोरर होता तोवर उत्तर एकच असायचं: तो परवानगी देईल तेव्हा. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने तो निवृत्त केला. त्याच्या आसपास दुसरी एक चांगली गोष्ट घडली. अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इगालिया आणि बोकूप हे २०२२पासून दरवर्षी एकत्र बसून काही फीचर्स ठरवतात आणि ती सगळ्या ब्राउझरमध्ये सारखी चालावीत म्हणून सामाईक चाचण्यांवर काम करतात. ‘इंटरऑप’ हे त्या उपक्रमाचं नाव. चाचण्यांचे गुण उघड्यावर असतात, त्यामुळे कोण मागे आहे ते लपत नाही. मग २०२३मध्ये ‘बेसलाइन’ आलं. एखादं फीचर प्रमुख ब्राउझरमध्ये पोचलं की ते ‘नव्याने उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. बहुतेक संघांनी दुसऱ्या शिक्क्याची वाट पाहावी हे ठीक आहे.

पण भारतात काम करताना या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबू नये. बेसलाइन मोजते ते क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी. फोनबरोबर आलेले इतर ब्राउझर त्यात धरलेले नाहीत. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अद्ययावत होतो, म्हणून जुन्या फोनवरही तो बराच काळ नवा राहू शकतो. त्यालाही हद्द आहे. २०२५च्या उत्तरार्धापासून अँड्रॉइड ८ आणि ९वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या मिळणं थांबलं. आयफोनवर सफारी थेट आयओएसशी बांधलेली आहे. ज्या फोनला नवं आयओएस मिळत नाही त्याचा ब्राउझरही तिथेच थबकतो. म्हणून आपल्या साइटवर कोण येतं हे आपल्याच नोंदींमधून पाहावं, जगाच्या सरासरीवरून नाही.

इथे एक भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ ताप वाचतो. एचटीएमएल आणि सीएसएस सोशिक आहेत. न कळणारी ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. टेक्स्ट-रॅप बॅलन्स जुन्या फोनला कळलं नाही तर मथळा पूर्वीसारखा दिसेल, इतकंच. जावास्क्रिप्टमध्ये नसलेली गोष्ट मागितली की तिथेच गाडं अडतं आणि खालचा सगळा कोड पडून राहतो. त्यामुळे सीएसएसमधली नवी फीचर्स, पानाचा गाभा त्यांच्यावर उभा नसेल तर, लवकर घ्यायला हरकत नसते. सेगमेंटरसारखं साधन मात्र आहे का ते आधी विचारून घ्यावं.

एचटीएमएल-सीएसएसच्या या सोशिकपणाचं ताजं उदाहरण म्हणजे ‘सिलेक्ट’ची यादी. फॉर्ममध्ये जिल्हा निवडायचा असतो, महाराष्ट्रातले ३६ जिल्हे एकाखाली एक. ब्राउझरची मूळ यादी दिसायला ओबडधोबड आणि तिचं रूप बदलता येत नाही, म्हणून डिझायनर नाक मुरडतात आणि डेव्हलपर तिच्या जागी स्वतःची यादी घडवतात. ती दिसते देखणी, पण कित्येकदा कीबोर्डने चालत नाही, ‘सा’ टाइप केल्यावर सांगली-साताऱ्याकडे उडी मारत नाही, आणि फोनवर बोटाखालून सरकते. एप्रिल २०२५मध्ये क्रोमने मूळ यादीलाच हवं तसं सजवण्याची सोय दिली. त्यासाठी एचटीएमएल वाचण्याची ब्राउझरची रीतही बदलावी लागली, कारण पर्यायाच्या आत लिहिलेले चित्राचे किंवा इतर टॅग पूर्वी तो सरळ फेकून द्यायचा. आता ते राखले जातात, म्हणजे जिल्ह्याच्या नावाशेजारी नकाशा किंवा दुसरी ओळही देता येते. इतर ब्राउझर हे देईपर्यंत थांबायचं कारण नाही. सजावटीच्या ओळी ज्यांना कळत नाहीत त्यांच्यावर जुनी साधी यादी उघडते, आणि जिल्हा निवडून फॉर्म पुढे जातो.